शीणबाई

आमच्या बाई दुपारी झोपत, आणि ते कुणापासून लपवत नसत. जेवण झाले की कारखान्याच्या दवाखान्यातल्या मागच्या खोलीतल्या लाकडी खुर्चीवर ताठ बसायच्या, चष्मा काढून पदराच्या टोकात गुंडाळायच्या आणि डोळे मिटून घ्यायच्या. मान कलत नसे, तोंड उघडे पडत नसे. थोड्या वेळाने कुणी हाक न मारता जाग्या व्हायच्या आणि मोडलेले वाक्य पुढे चालू करायच्या. एकदा खुद्द मॅनेजरसाहेब त्याच वेळी आले. मी घाबरून बाईंच्या खांद्याला हात लावणार तेवढ्यात त्या डोळे न उघडताच म्हणाल्या, "साहेबांना बसायला सांग, शालिनी. मी कामात आहे."

साहेब बसले. दुसरे काय करणार? झोप हेच ज्या बाईंचे काम, त्यांना कामचुकार कसे म्हणायचे, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसत होता.

बाई शरीरशास्त्र शिकून विलायतेहून आल्या होत्या. माणूस थकतो म्हणजे त्याच्या शरीरात नेमके काय होते, दिवसाच्या कामाने वेगळा आणि रात्रीच्या कामाने वेगळा थकतो का, एवढ्या एका गोष्टीचा त्यांनी ध्यास घेतला होता. मुंबईत त्यांनी गिरणीतल्या बायका तपासल्या होत्या, लढाईच्या काळात इस्पितळातल्या नर्सेस तपासल्या होत्या. लढाई संपल्यानंतरच्या दुसऱ्या हंगामात त्या आमच्या साखर कारखान्यावर आल्या. प्रवरेच्या कालव्याकाठी उसाच्या समुद्रात उभा असलेला हा कारखाना एकदा गळीत सुरू झाले की उन्हाळ्यापर्यंत थांबत नसे. तीन पाळ्या, तीन भोंगे, आणि दर आठवड्याला पाळी बदल. बाईंना अशीच जागा हवी होती.

माझे वडील, अण्णा, तिथे हेडक्लार्क होते. मी पुण्याच्या कॉन्व्हेंटात शिकले, इंटर सायन्स झाले आणि घरी येऊन बसले होते. पुढे शिकवायचे की स्थळ बघायचे, हे अण्णांचे ठरत नव्हते. माझे मराठी घरापुरते होते. आकडे मी मनात इंग्रजीत मोजायची, आणि अनोळखी माणसाशी बोलायची वेळ आली की दोन्ही भाषा एकदम पळून जायच्या. बाईंना लिहून घ्यायला मदतनीस हवी होती. "बाईमाणूस आहे, तेव्हा हरकत नाही," असे म्हणून अण्णांनी मला पाठवले. रात्रपाळीच्या वेळी मात्र मी जायचे नाही, एवढी आईची अट होती. रात्री बाई स्वतः कंपाउंडरच्या बायकोला सोबत घेऊन जात. मी सकाळच्या भोंग्याला हजर व्हायची.

पहिल्याच दिवशी पंचाईत झाली. बाईंनी शिस्तीने थर्मामीटर स्पिरिटात बुडवून, पुसून, रांगेतल्या पहिल्या माणसापुढे धरला. तो माणूस दोन पावले मागे सरला.

"त्वांडात? आन् ह्याच्यानंतर त्याच्या त्वांडात?"

"स्पिरिटाने स्वच्छ होतं ना," बाई म्हणाल्या.

"सोच्छ व्हईल, बाई. पर उष्टं ते उष्टंच की."

रांग मोडायला लागली. बाईंनी वाद घातला नाही. थर्मामीटर काखेत धरायला सांगितला आणि मला म्हणाल्या, "लिही, सगळे आकडे काखेचे. सगळ्यांचं सारखंच चुकलं की फारसं चुकत नाही." ज्याच्यासाठी दुसरा कुणी आठवडाभर भांडला असता, ते त्यांनी पदर खोचता खोचता सोडून दिले. तोंडात थर्मामीटर धरणाऱ्या आमच्याकडे त्या एकट्याच उरल्या.

त्यांचे स्वतःचे तापमान त्या रोज ठरल्या वेळी, दुपारच्या झोपेनंतर, घेत. आणि नेमकी तीच वेळ माझ्या बोलण्याची ठरली. एरवी बाईंपुढे बोलणे अवघड होते. रागीट म्हणून नव्हे, तर त्या समोरच्याचे वाक्य अर्ध्यात पकडून स्वतःच पुरे करायच्या. माझ्यासारख्या अडखळणाऱ्या मुलीची त्यात फार सोय व्हायची आणि फार गैरसोयही. पण थर्मामीटर तोंडात असला की त्यांना ओठ मिटून बसावे लागे. मी घाईघाईने काहीतरी विचारून घ्यायची. हे त्यांच्या लक्षात आले, तेव्हा त्या एकदा म्हणाल्या, "तुला माझ्याशी बोलायला पारा लागतो गं. हरकत नाही, बोल." आणि थर्मामीटर तोंडात घालून माझ्याकडे बघत बसल्या.

कामगारांना सगळ्यात आवडायची ती पट्टी. बाई एक फूटपट्टी उभी धरायच्या, खाली माणसाने दोन बोटे उघडी ठेवायची, बाईंनी पट्टी सोडली की पकडायची. जितकी खाली जाऊन सापडेल तितका माणूस मंद. पाळीवर जाताना एकदा आणि सुटताना एकदा, असा हा खेळ चाले. बॉयलरवरचा भागाजी त्यात पटाईत होता. भट्टीत चिपाडे ढकलून त्याचे तळहात दगडासारखे झाले होते, पण पट्टी तो पाखरू धरल्यासारखी धरायचा. लवकरच त्यांनी आपसात विड्यांच्या पैजा सुरू केल्या. बाईंनी ते बंद केले.

"का वं, बाई? आमच्या इड्या, आमची पट्टी."

"पट्टी माझी आहे," बाई म्हणाल्या. "पैज लागली की तू थकल्याचं विसरतोस, भागाजी. आणि मला ते विसरायला नकोय."

"मी थकतच न्हाई," भागाजी म्हणाला, आणि सगळे हसले. त्या हसण्यात काय होते ते तेव्हा आम्हा दोघींनाही कळले नाही.

बाईंना हा नाद कुठून लागला, ते त्यांनी मला असेच एकदा सांगितले. त्यांचे वडील भुसावळला रेल्वेत गार्ड होते. रात्री गाडीवर आणि दिवसा घरी झोपलेले. "आम्ही भावंडं घरात चवड्यांवर चालायचो. भांडणंसुद्धा हातवारे करून करायचो. तरी ते उठायचे ते चिडूनच. मला वाटायचं, आपले बाबा वाईट स्वभावाचे आहेत. मोठी झाल्यावर कळलं, त्यांना स्वभाव दाखवायला फुरसतच मिळाली नव्हती." नंतर हसून म्हणाल्या, "तेव्हापासून मी कुठल्याही गार्डाला गाडीची वेळ विचारत नाही, झोप झाली का ते विचारते." हे खरे होते. दौंड-मनमाड गाडीचे बरेच गार्ड त्यांना ओळखत.

पुस्तकातले शब्द त्यांना मराठीत हवे असत. शरीरात दिवसाची आणि रात्रीची जी भरती-ओहोटी चालते, तिला काय म्हणायचे, हे त्या बरेच दिवस शोधत होत्या. मग कारखान्याचाच शब्द त्यांनी उचलला. "पाळी! शरीर पाळी पाळतं, शालिनी. भोंगा वाजला म्हणून आतली पाळी बदलत नाही. तिला वेळ लागतो." मला हे फार आवडले. संध्याकाळी आईने विचारले, "त्या बाई नक्की कसला अभ्यास करतात गं?" मी उत्साहाने सांगितले, "शरीराच्या पाळीचा."

आईच्या हातातली उलथणी तव्यावर आपटली. "अगं, हळू! अण्णा ओटीवर आहेत."

आमच्या घरात त्या गोष्टीला 'लांब बसणे' म्हणत. मला पाळी म्हणजे भोंग्याचीच ठाऊक होती. "पुरुषांचीसुद्धा असते, आई, बाई म्हणाल्या," असे मी म्हणाले, आणि आई पोळी करपेपर्यंत माझ्याकडे बघत राहिली. दुसऱ्या दिवशी बाईंच्या तोंडात पारा असताना मी हे सांगितले. त्यांचे खांदे हलायला लागले, पण ओठ मिटलेलेच. पारा काढल्यावर डोळे पुसत म्हणाल्या, "तुझ्या आईंना सांग, त्यांचा शब्दही तोच आणि माझाही तोच. आतलं घड्याळ म्हणजे दुसरं काय असतं?" मी ते आईला सांगितले नाही. पण त्यानंतर आईनेच एकदा आपणहून बाईंसाठी डिंकाचे लाडू पाठवले. "रात्री जागतात बिचाऱ्या," म्हणाली.

बाईंचे म्हणणे थोडक्यात असे होते. दर आठवड्याला पाळी बदलली की माणसाचे शरीर नव्या पाळीला जेमतेम लागते, तोच ती पुन्हा बदलते. तो कधीच कुठल्याच पाळीचा होत नाही. म्हणून निदान एका खात्यात पाळी महिनाभर बदलू नये आणि काय फरक पडतो ते पाहावे. यासाठी मॅनेजरसाहेबांची परवानगी हवी होती. साहेबांनी संक्रांतीपर्यंत मुदत दिली. "तोवर मला पटवून द्या. नाही पटलं तर बाई, आपला नमस्कार. हंगामात माझी माणसं रांगेत उभी राहिलेली मला परवडत नाहीत."

काखेतला पारा बाईंच्या बाजूने बोलत होता. पट्टीही बोलत होती. बोलत नव्हती ती माणसे. पाळी सुटताना प्रत्येकाला आम्ही एक प्रश्न विचारायचो. बाईंनी तो इंग्रजीतून आणला होता आणि आम्ही दोघींनी बसून त्याचे मराठी केले होते: "थकलात का?" कमी, मध्यम, फार, असे तीन रकाने. पहिल्या दिवसापासून आमचे तिन्ही रकाने कोरे राहू लागले. रात्रभर भट्टीपुढे उभे राहून आलेला, डोळे तांबडे झालेला, उभ्या उभ्या डुलणारा माणूस आमच्यापुढे यायचा, आम्ही विचारायचो, "थकलात का?", आणि तो छाती पुढे काढून म्हणायचा, "न्हाई!" काहींना तर राग यायचा. एक जण म्हणाला, "मुकादमाला सांगनार का काय तुमी?" बाईंनी पुन्हा पुन्हा समजावले की हे कुणाला सांगायचे नाही. तरी उत्तर तेच.

साहेबांनी ते कागद चाळले आणि बाईंकडे सरकवले. "तुमच्याच कागदावर लिहिलंय, बाई. माझी माणसं थकत नाहीत."

त्या दिवशी दुपारी बाई खुर्चीवर बसल्या, पण त्यांना झोप लागली नाही. मी त्यांना पहिल्यांदाच दुपारी जागे पाहिले. खिडकीतून उसाच्या गाड्यांची रांग दिसत होती, तिकडे बघत होत्या. "वीस वर्षं मी हेच करतेय," एवढेच म्हणाल्या. मी दौतीचे टोपण घट्ट लावले, जे आधीच घट्ट होते.

माझा एक गुण असेल तर तो हा, की माझ्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्याच्या पायरीवर बसून पेन्सिली तासत होते. समोर पिंपळाखाली चहाची टपरी होती. भागाजी रात्रपाळी संपवून तिथे बाकावर टेकला होता. बशीतला चहा तसाच निवत होता, त्याचे डोळे मिटत होते. दिवसपाळीचा नामदेव कामावर निघाला होता, त्याने जाता जाता भागाजीच्या टोपीला टिचकी मारली.

"काय रं, थकला का काय?"

भागाजी झटक्यात सरळ झाला. "थकला आसंल तुजा आज्जा! मी काय म्हातारा झालो व्हय रं?"

टपरीवर हशा पिकला. भागाजी पुन्हा बाकावर टेकला आणि हळूच पुढे म्हणाला, "थकत न्हाई रं. पर शीन लई आला आज. आंग नुसतं आंबून गेलंय."

माझ्या हातातली पेन्सिल टोक मोडून खाली पडली. आमच्या घरीही आजोबांबद्दल आई म्हणायची, "आता फार थकलेत हो." म्हणजे म्हातारे झाले, हातून काही होत नाही. हे मी जन्मभर ऐकत होते. पण तो शब्द एका खणात होता आणि आमचा प्रश्न दुसऱ्या खणात. भर हंगामात, मुकादमाच्या देखत, आम्ही धडधाकट माणसाला विचारत होतो: तू कामातून गेलास का?

हे बाईंना सांगायचे म्हणजे त्यांचा मूळ प्रश्नच चुकला असे सांगायचे. सकाळभर मी नुसते आकडे उतरवत राहिले. दुपारी त्यांनी पारा तोंडात घातला, घड्याळ समोर ठेवले, आणि मी एका दमात सगळे सांगून टाकले: नामदेव, टोपी, आज्जा, शीण.

बाईंचे डोळे मोठे झाले. त्यांनी हात वर केला, मला थांबवायला की आणखी बोल म्हणायला ते कळेना. घड्याळाकडे पाहिले. वेळ झाली नव्हती. त्या उठून खोलीत चकरा मारू लागल्या, ओठ मिटलेले, पारा तोंडात, एका हाताने माझ्या पाठीवर थापट्या मारत. मला वाटले त्या चिडल्या आहेत. शेवटी वेळ झाली. पारा काढून, वाचून, माझ्याकडून तो आकडा लिहून घेतल्यावरच त्या बोलल्या.

"शालिनी! म्हणजे महिनाभर आपण रोज सकाळी दारात उभं राहून लोकांना विचारतोय, म्हातारे झालात का?" आणि त्या इतक्या हसल्या की कंपाउंडर डोकावून गेला. "आणि ते बिचारे नाही म्हणतायत! मी असते तर पट्टीच फेकून मारली असती."

आपली चूक सापडली म्हणून एवढे खूश झालेले माणूस मी तोवर पाहिले नव्हते. आमच्या शाळेत चूक सापडली की हातावर रूळ बसायचा.

दुसऱ्या दिवसापासून प्रश्न बदलला. "शीण कितपत?" मी विचारायची, कारण बाईंच्या मते तो शब्द माझ्या तोंडी जास्त खरा वाटायचा. रकाने भरले. भरून बाहेर वाहू लागले. शीण कुठे आहे, पाठीत की पोटऱ्यांत, कधी चढतो, बायकोने दिवसा भांडी घासली की कसा वाढतो, सगळे सांगू लागले. मला घाईत लिहिता येईना. दोन-चार दिवसांत भागाजीने बाईंना नाव ठेवून दिले. "चला रं, शीनबाई आल्या." बाईंना ते नाव विलायतेच्या पदवीपेक्षा आवडले. त्या स्वतःच दार वाजवून सांगायच्या, "मी शीणबाई."

पण साहेब म्हणाले, "हे तुम्ही वदवून घेतलंत बाई. शब्द बदलला म्हणजे माणूस दमला का? मी स्वतः येऊन विचारीन."

ते आले, संक्रांतीच्या दोन-तीन दिवस आधी, सकाळच्या भोंग्याला. रात्रपाळी सुटून रांग दवाखान्याच्या ओट्यापाशी उभी होती. साहेबांनी रांगेतला पहिलाच माणूस हेरला. तो भागाजी होता.

"काय रे, थकलास का?"

भागाजीने टोपी सारखी केली. "न्हाई, सायेब."

"अजिबात नाही?"

"आजाबात न्हाई."

साहेब बाईंकडे वळले. हसले नाहीत, पण हसण्याच्या बेतात होते. मी बाईंकडे पाहिले. आता त्या साहेबांचे वाक्य अर्ध्यात पकडतील, अशी माझी खात्री होती. बाईंनी स्पिरिटाच्या बाटलीतून थर्मामीटर काढला, झटकला, आणि शांतपणे तोंडात घातला.

ती त्यांची वेळ नव्हती. त्यांची वेळ दुपारची होती. पण हे मला नंतर सुचले. त्या क्षणी एवढेच दिसले की बाईंना बोलता येत नाही, साहेब निघायच्या बेतात आहेत, आणि ओट्यावर तिसरे माणूस मीच आहे.

"साहेब," मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "आपण त्यांना म्हातारा झालास का, असं विचारलंत."

"मी? मी थकलास का म्हणालो."

"हो. म्हणजे तेच. इकडे थकला म्हणजे... कामातून गेला. आपण शीण आला का ते विचारा. एकदाच विचारा." मग आठवून घाईने जोडले, "कृपा करून."

साहेब माझ्याकडे पाहत राहिले. हेडक्लार्कची मुलगी बोलते, हे त्यांनाही नवीनच असावे. मग भागाजीकडे वळून त्यांनी विचारले, "काय रे, शीण आलाय का?"

भागाजीचे खांदे एकदम खाली आले, जणू कुणी डोक्यावरची मोळी उतरवली. "शीन व्हय? शीन तर लई हाय, सायेब. पाळी फिरली का पयलं दोन-तीन दिस पोटात अन्न ठरत न्हाई. दिसा झोप लागंना, राती डोळा उघडा ऱ्हाईना. परवा दार उघडं ठिवून भट्टीम्होरं डुलत हुतो, सकाळच्याला कामावर आलेल्या नाम्यानं मागं वढलं. आन् जरा आंग रुळलं का लगी नवी पाळी."

"मग आत्ता नाही कशाला म्हणालास?"

"आवं, ते तुमी थकायचं इचारलं!" भागाजी म्हणाला. "त्याला आजून टायम हाय."

रांगेत खसखस पिकली. साहेबांनी तिकडे पाहिले नाही. "आमचे वडील फार थकलेत," ते थोड्या वेळाने, स्वतःशीच बोलावे तसे म्हणाले. "मीच म्हणतो हे सगळ्यांना." मग म्हणाले, "बॉयलर खातं. फक्त तेवढंच. पट्टा पडेपर्यंत." पट्टा पडणे म्हणजे आमच्याकडे हंगाम संपणे. आणि ते गेले.

तेव्हा कुठे बाईंनी पारा तोंडातून काढला. मी धीर करून विचारले, "आत्ता कशाला घेतलात? आपली वेळ दुपारची."

"अंग जरा गरम वाटलं," त्या म्हणाल्या आणि आकडा न वाचताच थर्मामीटर बाटलीत टाकला.

बॉयलर खात्यात पाळी महिन्याने बदलू लागली. सगळे खूश झाले असे मुळीच नाही. ज्यांच्या वाट्याला महिनाभर रात्र आली त्यांच्यातले निम्मे कुरकुरत होते. बाई कुरकुर करणाऱ्यांच्या खोल्या बघून आल्या. चाळीत एका भिंतीपलीकडे दळणाचे जाते, दुसऱ्या भिंतीपलीकडे पोरे. पाळी रुळायला झोप हवी, आणि झोपेला शांतता. त्यांना त्यांचे भुसावळचे घर आठवले असणार. त्यांनी चाळीतल्या बायकांना बोलावले. आई पण गेली होती. तिथे असे ठरले की ज्या घरी रात्रपाळीचा माणूस झोपलाय, त्या दारावर गोणपाट टांगायचे. गोणपाट दिसले की पोरांनी तिकडे खेळायचे नाही, कांडण-दळण आधी उरकायचे. आता चाळीतली पोरे चवड्यांवर चालताना दिसायला लागली. बाई लांब उभ्या राहून ते बघत, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असे काही यायचे की मी दुसरीकडे बघायची.

हंगाम संपायच्या सुमारास आकडे बाईंना हवे होते तसे वळले. सगळे नव्हे, पण पुरेसे. साहेबांनी पुढच्या हंगामाला आणखी एक खाते दिले. ती गोणपाटे चाळीत अजूनही दिसतात. बॉयलरवर आता बाहेरगावची नवी माणसे आलीत. त्यांना ती कुणी सुरू केली ते माहीत नाही, पण दारावर गोणपाट दिसले की तीही सायकलवरून उतरून हातात धरून नेतात.

पट्टा पडला, चिमणीचा धूर थांबला आणि बाई निघाल्या. निघण्याआधी ओटीवर बसून त्यांनी अण्णांचा चहा घेतला आणि सरळ सांगितले, "हिला पुढे शिकवा. हिला ऐकू येतं." अण्णांना आधी वाटले की माझ्या कानांची तपासणी झाली. नंतर खरे काय ते समजले. जूनमध्ये त्यांनीच माझी वळकटी बांधली. मी आता पुण्याला शरीरशास्त्र शिकते आहे. पहिल्या वर्षी वर्गात उभे राहून बोलायची वेळ आली की मी मनातल्या मनात समोरच्या प्रोफेसरांच्या तोंडात थर्मामीटर द्यायची. आता तो लागत नाही.

स्टेशनवर त्यांना पोचवायला मी एकटीच टांग्यातून गेले होते. भागाजी आधीच येऊन उभा होता, गुळाची ढेप घेऊन. "शीनबाई, पट्टी घिऊन चालल्या व्हय?" त्याने विचारले. बाईंनी पिशवीतून फूटपट्टी काढून त्याला देऊन टाकली. "आता लाव पैजा," म्हणाल्या. तो पट्टी टोपीत खोचून, मान खाली घालून, वळून न बघता गेला.

गाडी आली. बाईंनी सवयीने आधी गार्डाच्या डब्यापाशी जाऊन त्याला झोपेचे विचारले, मग येऊन खिडकीशी बसल्या. मी खाली उभी. त्या बोलत होत्या: दुपारी झोपत जा, आईंना लाडवांचे सांग, अमुक पुस्तक मिळव. मला काहीतरी सांगायचे होते आणि त्या थांबत नव्हत्या. मी दोनदा "बाई" म्हणाले आणि दोन्हीदा ते वाक्य त्यांनीच पुरे केले. मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले, पिशवी उघडली, थर्मामीटर काढला, झटकला, आणि तोंडात घातला.

मी बोलले. काय बोलले ते इथे लिहीत नाही. गार्डाची शिट्टी झाली तरी बाई ओठ मिटून ऐकत होत्या. गाडी हलल्यावर त्यांनी पारा काढला, चष्मा कपाळावर सारून उन्हाकडे धरून वाचला, आणि खिडकीतून ओरडून मला आकडा सांगितला. मी सवयीने तो तळहातावर लिहून घेतला.

"थोडं वर आहे," त्या म्हणाल्या. "प्रवासाचं असेल."